कानशीचे दात कोण घासतो?

मराठी घरात कानस कोणी विकत आणल्याचं ऐकिवात नाही. ती असतेच. कुठून आली म्हणून विचारलं तर ‘तुझे आजोबा मिलमध्ये होते ना, तेव्हाची’ असं उत्तर मिळतं. पुढे मिल बंद पडली, आजोबा गेले, चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला. कानस मात्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक पकड, एक बोथट पटाशी, तीन वायसर आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या चाव्यांचा जुडगा यांच्या संगतीत सुखाने नांदते आहे, असा घरच्यांचा समज असतो. ती सुखाने वगैरे नांदत नसते. डबा हलवला की आतून जो खुळखुळाट होतो, तो कानशीचे दात झिजण्याचा आवाज असतो.

या कानशीला मूठ नसते. कानशीच्या एका टोकाला निमुळतं शेपूट असतं आणि ते लाकडी मुठीत बसवायचं असतं. मूठ बऱ्याचदा वेगळी विकत घ्यावी लागते आणि वेगळी घ्यावी लागणारी वस्तू न घेणं हा आपला बाणा. परिणामी उघडं शेपूट तळहातात घुसतं, माणूस बोटाला चिंधी बांधतो आणि पुढे कित्येक दिवस ‘कानस लागली’ असं सांगत हिंडतो. कानशीचं माप शेपूट सोडून मोजतात हेही बहुतेकांना ठाऊक नसतं. दहा इंची कानस घरी आणून तिला मोजपट्टी लावणाऱ्याला ती दोन-अडीच इंचांनी जास्त भरते. दुकानदाराने चुकून मोठी दिली असं समजून तो ही गोष्ट बायकोलाही सांगत नाही.

डब्यातल्या कानशीने आयुष्यात काय काय केलं याची यादी काढली, तर त्यात घासकाम सगळ्यात शेवटी येईल. रंगाच्या डब्याचं झाकण तिने उचकटलंय. गणपतीच्या मखराचे खिळे तिने उपटलेत. वाऱ्याने आपटणाऱ्या दाराखाली ती पाचर म्हणून बसलीय आणि वेळप्रसंगी तिने नारळही फोडलाय. कानस पोलादाची आहे म्हणजे दणकट आहे, असा यामागचा हिशेब. तो साफ चुकतो. कानशीच्या पोलादात कार्बन एक टक्क्याहून जास्त असतो आणि दात पाडून झाल्यावर तिला पाणी देऊन इतकं कडक केलेलं असतं की ती वाकायला तयारच नसते. फार झालं की ती सरळ मोडते. इसापनीतीत एक साप लोहाराच्या दुकानात शिरून कानशीला चावतो आणि स्वतःचंच तोंड रक्तबंबाळ करून घेतो. त्या सापाला निदान भूक लागली होती. आपण तिने खिळे उपटतो तेव्हा आपलं पोट भरलेलं असतं.

मग एक दिवस विळी बोथट होते. भेंडी चिरली जायची थांबते आणि चेचली जायला लागते. स्वयंपाकघरातून ‘या घरात एकाही वस्तूला धार नाही’ असा आवाज येतो आणि त्यातली ‘वस्तू’ म्हणजे नक्की कोण, हे घरातल्या पुरुषाला कळतं. पूर्वी ‘धारवालेऽऽ’ अशी आरोळी देत सायकलवर चाक फिरवणारा गल्लीत यायचा. आता तो सोसायटीच्या वॉचमनपलीकडे पोचत नाही. तेव्हा डबा उघडला जातो, कानस बाहेर येते, बनियनला पुसली जाते आणि विळीच्या पात्यावर मागे-पुढे, मागे-पुढे फिरू लागते. पात्यावरून ती नुसती घसरते. दहा मिनिटांनी घाम पुसत निकाल जाहीर होतो : ‘कानस गेली. हल्ली माल कुठे पूर्वीसारखा येतो?’ ज्या कानशीबद्दल हे बोललं जातं ती आजोबांच्या काळातली, म्हणजे नेमकी पूर्वीच्याच मालातली असते. पण वादात तपशील आणू नये, असा आपल्याकडे संकेत आहे.

कानस सहसा गेलेली नसते. तिच्या दातांत काहीतरी अडकलेलं असतं, एवढंच.

कानशीच्या अंगावर तिरप्या ओळींनी दात कोरलेले असतात. दोन दिशांच्या ओळी एकमेकींना छेदून गेल्या की हिऱ्यासारखे बारीक बारीक टोकदार दात तयार होतात. एकेका दाताने धातूचा कण खरवडायचा आणि तो पुढच्या खाचेतून बाहेर टाकायचा, अशी ही व्यवस्था. लोखंडाचा कीस बराचसा झडून जातो. पण ॲल्युमिनियम, तांबं, शिसं हे धातू मऊ आणि चिकट. त्यांचा कण खाचेत बसला की उठायचं नाव घेत नाही. वरून दाब पडतो, कण आणखी घट्ट होतो, त्याच्या पाठीवर दुसरा येऊन बसतो. याला कारागीर ‘कानस भरली’ म्हणतात. भरलेली कानस दोन प्रकारे सूड घेते. एक म्हणजे ती कापत नाही. दुसरं, खाचेतून वर आलेला तो घट्ट कण गुळगुळीत केलेल्या कामावर असा लांबलचक ओरखडा ओढतो की तासाभराची मेहनत पाण्यात जाते. विशेष म्हणजे हा ओरखडा नेहमी शेवटच्या दोन हातांत पडतो. पहिल्या दोन हातांत पडल्याचं एकही उदाहरण कारखान्यांच्या इतिहासात नसावं.

दातांत अडकलं तर ते कोरून काढावं, ब्रश करावा, हे आपण लहान मुलांना रोज दोनदा ओरडून सांगतो. शेकडो दात असलेल्या या बिचारीला जन्मात कोणी ब्रश दाखवत नाही. दाखवतात ते इतर उपाय. त्या उपायांवरून माणसांच्या जाती पडतात.

पहिली जात आपटणाऱ्यांची. कानस भरली की ती व्हाइसच्या, म्हणजे शिकंज्याच्या, जबड्यावर किंवा ओट्याच्या कडेवर खाडकन आपटायची. थोडा भुगा पडतो, माणसाला समाधान मिळतं आणि कानशीचे दहा-पंधरा दात जागच्या जागी तुटतात. ज्याला पाणी देऊन इतकं कडक केलंय ते आपटल्यावर तुटणारच. रिमोट चालेना की त्याला थापटणारी, टीव्हीच्या डोक्यावर बुक्की मारणारी जी मंडळी, तीच ही.

दुसरी जात फुंकणाऱ्यांची. कानस तोंडाजवळ नेऊन जोरात फुंकर. कीस उडतो तो थेट डोळ्यात. मग डोळा चोळायचा, त्याच हाताने, ज्यावर राहिलेला कीस आहे. पुढचा अर्धा तास घरात पाणी, वाटी, रुमालाचं टोक आणि ‘वर बघ, वर बघ’ यात जातो. फुंकणाऱ्यांचीच एक पोटजात आहे. ती घासलेल्या जागेवरून प्रेमाने बोट फिरवून ‘काय गुळगुळीत झालंय’ म्हणते. बोटाचं तेल-घाम त्या जागी लागतं आणि पुढच्या हाताला कानस तिथून सटकते. गुळगुळीतपणा डोळ्यांनी तपासायचा असतो. पण आपल्याला हात लावल्याशिवाय खात्री पटत नाही. तसं नसतं तर संग्रहालयात ‘हात लावू नये’ अशी पाटी लागली नसती.

तिसरी जात तेल लावणाऱ्यांची. मराठी माणसाचा तेलावर अपार विश्वास आहे. दार कुरकुरलं, तेल. शिलाई मशीन अडलं, तेल. डोकं दुखलं, तेल. तेव्हा कानस चालेना तर तिलाही तेल. तेलकट कानस धातूला धरत नाही. शिवाय तेलात कीस कालवला की खाचांमध्ये एक काळपट लेप बसतो. तो एकदा वाळला की कानशीला दात होते ही ऐतिहासिक माहिती उरते.

चौथी आणि सगळ्यात मोठी जात मागे-पुढेवाल्यांची. कानशीचे दात पुढे झुकलेले असतात, म्हणून ती पुढे जाताना कापते. मागे आणताना तिला कामावरून किंचित उचलायची, दाब द्यायचा नाही, असा कुठल्याही फिटरच्या पहिल्या धड्यातला नियम. मागे दाबून ओढली की दातांची टोकं उलट्या बाजूने झिजतात. पण पुढे जाताना एक काम आणि मागे येताना फुकट, हे आपल्या काटकसरी मनाला पटत नाही. जाता-येता दोन्ही वेळा प्रवासी मिळावेत अशी रिक्षावाल्याचीही इच्छा असतेच.

आता शहाण्यांचा उपाय. त्याला एक ब्रश लागतो. लाकडी पाठीवर आखूड, ताठ, पोलादी तारा बसवलेला हा ब्रश हार्डवेअरच्या दुकानात ‘फाइल कार्ड’ म्हणून मागितला, तर दुकानदार प्रथम फाइल दाखवतो, मग कार्ड दाखवतो आणि शेवटी ‘तारेचा ब्रश द्या’ म्हटल्यावर योग्य वस्तू काढतो. हा ब्रश कानशीवर लांबीच्या दिशेने फिरवायचा नाही. दातांच्या ओळी ज्या तिरकसपणे गेल्यात, त्याच तिरकसपणे, खाचेच्या रेषेत ओढायचा. खाचांना आडवा फिरवला तर तारा दातांच्या डोक्यांवरून उड्या मारत जातात आणि खाचेतला ऐवज तसाच राहतो.

ब्रशलाही न जुमानणारे जे कण असतात त्यांच्यासाठी पितळेची किंवा तांब्याची पट्टी घ्यावी. फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे तांब्याच्या नळीचा तुकडा मिळतो. त्याचं टोक हातोडीने चेपून चपटं करायचं. हे टोक खाचेच्या रेषेत टेकवून नेट लावून पुढे ढकलायचं. पहिल्या एक-दोन वेळा काही होत नाही. मग मऊ तांब्यावर कानशीचेच दात उमटतात, पट्टीच्या टोकाला बरोब्बर त्या खाचांच्या मापाची छोटी फणी तयार होते आणि पुढच्या खेपेला ती फणी प्रत्येक खाचेत तळापर्यंत उतरते. नीट निरखलं तर दिसतं : ॲल्युमिनियमची एक चकचकीत सुईएवढी काडी खाचेतून हळूच सरकते, टोकाशी उभी राहते आणि टुणकन उडते. मागे काळी, खोल, मोकळी रेघ. एक काढली की दुसरी काढावीशी वाटते आणि दुसरीनंतर चहा गार होतो. मात्र या कामाला पोलादी टोच्या किंवा सुई घेऊ नये. कडक पोलादावर कडक पोलाद रगडलं की दोघांचंही नुकसान होतं. भावकीचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

भरू नये म्हणून आधीच करायचा इलाज त्याहून स्वस्त आहे : खडू. शाळेचा पांढरा खडू कानशीवर खसाखसा घासायचा. खाचांमध्ये खडूची भुकटी बसते, धातूच्या कणाला धरायला जागा उरत नाही आणि ब्रश मारला की खडूसकट तो बाहेर येतो. तेलकट झालेल्या कानशीवरही हाच उतारा. खडू तेल शोषतो आणि ब्रशबरोबर निघून जातो. काम झालं की खडू झटकून टाकावा, कारण तो हवेतला ओलावाही धरतो. ज्या घरात मास्तर आहेत तिथल्या कानशी चांगल्या राहतात, असा एक सिद्धान्त यावरून मांडता येईल. पुराव्याअभावी तो इथेच सोडतो.

हे सगळं शिकवण्याची अधिकृत जागा म्हणजे आयटीआयची फिटर शाखा. इंजिन, यंत्र, रोबो अशी स्वप्नं घेऊन आलेल्या पोराला पहिले कित्येक दिवस लोखंडाचा एक तुकडा आणि एक कानस देतात. तुकडा सपाट करायचा, कडा काटकोनात आणायच्या, गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. गुण्याखालून उजेडाची फट दिसली की पुन्हा घास. तिथल्या एका सरांचा आणि पोराचा संवाद असा चालतो.

‘कानस साफ केली का रे?’

‘हो सर.’

‘कशाने?’

‘पँटला पुसली सर.’

‘पँट साफ कशाने करणार?’

‘आई करते सर.’

सर कानस हातात घेतात, खिशातून पितळेची पट्टी काढतात, चार खाचा साफ करून दाखवतात आणि काही न बोलता पुढच्या व्हाइसकडे जातात. पोरगं उरलेल्या खाचांकडे बघत राहतं. आयुष्यात त्याला भेटलेला हा पहिला मोठा आकडा.

त्याच शाळेत कानशीच्या खरखरीतपणाच्या पायऱ्याही पाठ करून घेतात : रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ आणि डेड स्मूथ. दुसरं नाव कारखान्यात सगळे अत्यंत निर्विकार चेहऱ्याने घेतात. फक्त नवा मुलगा पहिल्या दिवशी हसतो आणि ‘दहा इंची बास्टर्ड आण’ म्हणून त्यालाच स्टोअरमध्ये पाठवतात. काही चपट्या कानशींच्या एका कडेला दातच नसतात. ती खोट नसून सोय असते. कोपऱ्यात घासताना शेजारची बाजू कापली जाऊ नये म्हणून ती कड मुद्दाम गुळगुळीत ठेवलेली असते. तरी ‘एका बाजूला दात पाडायचे राहिलेत, बदलून द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक अधूनमधून येतंच. नव्या कानशीचाही एक शिष्टाचार आहे. तिने सुरुवात पितळेवर करावी, कारण पितळेला कोवळी तीक्ष्ण धार लागते. ती थोडी उतरली की लोखंडावर यावं. बिडाच्या ओतीव वस्तूचं वरचं कवच कडक असतं, त्यात साच्यातली वाळू असते. त्यावर नवी कानस लावणं म्हणजे तिचा पहिल्याच दिवशी निकाल. ते काम जुन्या, सेवानिवृत्तीला आलेल्या कानशीचं. नव्या माणसाला हलकं काम आणि जुन्याला खडतर, अशी रीत असलेलं हे बहुधा एकमेव खातं.

कानस स्वच्छ ठेवण्यात पहिला नंबर लागतो सोनाराचा. त्याची सुईएवढी बारीक कानस कधी भरलेली दिसणार नाही. त्याच्या टेबलाखाली कीस झेलायला सोय असते, ब्रश मारल्यावर पडलेली धूळही तो टाकत नाही आणि त्याच्या दुकानाची झाडलोट, राख-माती विकत घेऊन तिच्यातून सोनं काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. लोखंडाच्या किसाला तोळ्याचा भाव आला तर महाराष्ट्रातली एकूण एक कानस उद्या सकाळपर्यंत लख्ख होईल. सोनारानेच कान टोचावे लागतात, ते असे.

त्याखालोखाल सुतार. करवतीच्या दातांमधली खाच साठ अंशांची. तीनकोनी कानशीचा प्रत्येक कोनही साठ अंशांचा. करवत दोन फळ्यांत आवळून तो एकेका दाताला मोजून तेवढेच हात मारतो, म्हणजे सगळे दात एका उंचीचे राहतात. त्या वेळी जो किर्र आवाज निघतो त्याने शेजारच्या तीन इमारतींतले दात आंबतात. सुतार मात्र शांत असतो, कारण कानस नीट कापतेय हे त्याला त्याच आवाजावरून कळतं. आवाज घसरला की तो थांबतो आणि आधी कानस बघतो. कोकणातल्या बागांमध्ये आता साखळी करवती आल्या, त्यांना गोल कानस लागते, साखळीच्या मापाप्रमाणे 4, 4.8 किंवा 5.5 मिलिमीटरची. ‘गोल आहे ना, मग झालं’ म्हणून कुठलीही चालवणाऱ्याची करवत लाकूड कापण्याऐवजी धूर काढते.

आणि विनोद बाजूला ठेवून ज्याच्याकडे बघावं तो ऊसतोड कामगार. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडून निघालेल्या टोळ्यांमध्ये नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ असंच मोजतात. त्यांच्या सामानात कानस असते आणि ती भांड्यांच्या पोत्यात भिरकावलेली नसते. कोयता बोथट झाला तर ऊस बुडातून तुटायला दोन घाव जास्त लागतात, आणि मजुरी घावांवर नसते, टनावर असते. फडाच्या बांधावर बसून कोयत्याचं पातं गुडघ्याखाली दाबून, एकाच दिशेने, सावकाश कानस मारणारी बाई पाहिली की आपल्या ‘मागे-पुढे’ची लाज वाटते. तिला आयटीआयत कोणी पाठवलेलं नसतं. पण बोथट कानशीचा भुर्दंड तिला त्याच संध्याकाळी कळतो. आपल्याला भेंडी चेचली जाईपर्यंत कळत नाही.

एवढ्याशा दातांसाठी माणसाने जे सोसलंय ते पाहिलं, तर कानशीने नारळ फोडायचा धीर होणार नाही. कानशीला दात पाडायच्या यंत्राचं चित्र लिओनार्दो दा विंचीने काढून ठेवलं होतं. तरीही एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात एकेक दात छिन्नी-हातोडीने पाडणारे हजारो कारागीर होते, त्यांत बायकाही. डोळ्यांच्या अंदाजावर, एका ठोक्याला एक ओळ. एका बाजूचे दात पाडून कानस उलटली की ते चेपू नयेत म्हणून ती शिशाच्या लादीवर ठेवत. त्या शिशाची धूळ पोटात जाऊन विषबाधा होई, हात लुळे पडत. तिथे झिजलेली कानस कोणी फेकत नसे. ती तापवून मऊ करायची, घासून सपाट करायची आणि नव्याने दात पाडून पुन्हा पाणी द्यायचं. अख्खी बत्तीसी बदलून मिळायची! 1864 साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथे विल्यम निकल्सनने यंत्रावर कानशी बनवणारी कंपनी काढली. यंत्रांनी दात स्वस्त केले, तशी हाताने नवे दात पाडून घेण्याची गरज संपत गेली आणि दातांची किंमतही गेली.

आपल्याकडेही या बाबतीत लाजण्यासारखं काही नाही. जगातल्या मोठ्या कानस उत्पादकांपैकी एक असलेल्या जे. के. फाइल्स या कंपनीच्या कानशी रत्नागिरी जिल्ह्यात बनतात आणि तिथून देशोदेशी जातात. रत्नागिरीतून परदेशी काय जातं असं विचारलं तर आपण डोळे मिटून ‘हापूस’ म्हणतो. हापूसच्या पेटीला आपण गवताची गादी करतो, पेपर लावतो, एकेक फळ हाताळतो. त्याच जिल्ह्यातून आलेल्या कानशीला वायसरच्या डब्यात टाकतो. आंबा आठ दिवस टिकतो, कानस दहा वर्षं.

आता अगदी बोथट झालेल्या कानशीवरचा एक घरगुती प्रयोग. आधी ब्रश आणि पट्टीने खाचा साफ करायच्या, साबणाच्या पाण्याने तेलकटपणा घालवायचा. मग कानस पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायची. सौम्य आम्ल पोलाद किंचित खातं, दातांच्या गोल झालेल्या कडा थोड्या तीक्ष्ण होतात. सकाळी धुऊन, ब्रश मारून, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. लगेच कोरडी करून पातळ तेलाचा हात द्यायचा. नव्यासारखी होत नाही, पण आणखी काही दिवस कामाला येते. तुटलेले दात मात्र व्हिनेगर उगवून देत नाही. प्रयोगात खरी अडचण रसायनशास्त्राची नसते. दहा इंची कानस उभी बुडेल एवढं उंच काचेचं भांडं घरात एकच असतं आणि ती लोणच्याची बरणी असते. त्यातच चायनीजसाठी आणलेली व्हिनेगरची बाटली रिकामी झालेली आणि खायच्या सोड्याचा डबा जागेवर नाही, अशा दोन्ही गोष्टी एकाच सकाळी उघडकीला आल्या की ज्या विळीसाठी हे सगळं केलं ती विळी तूर्त बोथट असलेलीच बरी वाटते. तेव्हा प्लास्टिकची कापलेली बाटली वापरावी आणि व्हिनेगर वेगळं आणावं.

ठेवण्याची रीत सोपी आहे. दोन कानशी एकमेकींवर ठेवू नयेत. दोघी सारख्याच कडक, त्यामुळे एकमेकींच्या दातांवर घासून दोघीही बोथट होतात. फळीला खिळे मारून टांगाव्यात किंवा एकेक कापडात गुंडाळावी; नवी कानस तेलकट कागदात गुंडाळून येते ती उगीच नव्हे. कोकणात आणि मुंबईत जूनपासून हवेतच इतकं पाणी असतं की उघडी कानस गणपतीपर्यंत तांबडी होते. गंज पहिला बसतो तो दाताच्या बारीक टोकावर, म्हणजे जिथे सगळी धार आहे तिथेच. म्हणून पावसाळ्याआधी पातळ तेलाचा हात आणि वापरण्याआधी खडू. तेलवाल्या मंडळींना वर्षातून एवढा एक सण साजरा करायला हरकत नाही.

विळी, कोयता, खुरपं, कुदळ यांना कानस चालते, कारण त्यांचं लोखंड कानशीपेक्षा मऊ असतं. महागाच्या कडक सुरीवर ती मारू नये. सुरीसाठी धारेचा दगड. पातं नवखं असेल तर कानस एकदा हलकेच ओढून पाहावी. धरली तर घासा. काचेवरून गेल्यासारखी सटकली तर थांबा, कारण पातं तिच्या तोडीचं आहे आणि जोर लावला तर दात तिचे जाणार. खरोखरच संपलेली कानस लोहाराकडे द्यावी. तो तिचे दात घासून, तापवून, ताव उतरवून तिची उत्तम सुरी किंवा पटाशी करतो. घरच्या घरी तिचीच छिन्नी करून वर हातोडी मारू नये. कडक पोलादाची कपची उडते आणि ती डोळाच शोधते.

तर वाचकहो, या रविवारी एक मूठ, एक तारेचा ब्रश, दोन खडू आणि तांब्याचा एक तुकडा एवढं आणा. कानस साफ करा, मूठ ठोका, कापडात गुंडाळा. आणि शेजारचे काका ‘जरा कानस देता का, दोन मिनिटं’ म्हणत दारात आले, तर त्यांना बसवा, चहा द्या, हवी तर हातोडी द्या. त्यांची विळी आणून तुम्ही स्वतः धार लावून द्या. पण कानस देऊ नका. त्यांना रंगाचा डबा उघडायचा असतो.